कोळशाचा हिशेब शिकायला निघालेली लेक

शेतातून नुकत्याच आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, मोबाइलवर रेडिओ लावून भाजी निवडत असलेल्या तुम्हा सगळ्यांना गटाच्या समन्वयक म्हणून आमचा नमस्कार.

मागच्या वेळी आपण बचत गटाच्या वह्यांबद्दल बोललो होतो. कर्जाची वही वेगळी, बचतीची वेगळी, मुद्दल कुठं लिहायचं, व्याज कुठं लिहायचं. आजही वहीचंच बोलणं आहे. फक्त ही वही आपल्या पायाखालच्या जमिनीची आहे, आणि ती शिकायला आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी घराबाहेर पडली आहे. मुलीचं आणि तिच्या आईचं नाव आम्ही सांगणार नाही. लहान गाव आहे, लोक उगाच बोलतात.

जून महिन्यातली गोष्ट. मासिक बैठक सुरू होती. ताई उशिरा आल्या आणि मागं मुलगीही आली, हातात कागद. मुलगी बी.एस्सी. झालेली, गणित आणि संख्याशास्त्र घेऊन, रोज एसटीनं तालुक्याला जाऊन. ताई म्हणाल्या, "हिचा नंबर लागला दिल्लीकडं. एम.ए.ले. चाळीस हजार बारा दिवसांत भरा लागते." बी.एस्सी. करून एम.ए. कशाचं, असं आम्ही विचारलं. मुलगी म्हणाली, ऊर्जा अर्थशास्त्र. आणि पुढं जमलं तर खनिज अर्थशास्त्र.

क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाल्या, "म्हणजे कोळशाचं शिक्षण. पोरगीले शिकवून खदानीत उतरवतं का वं बाई?"

आता आमचा भाग तुम्हाला माहीत आहे. वर्धा नदीच्या काठाचा कोळशाचा पट्टा. वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर ही नावं आपल्याला शाळेच्या भूगोलात शिकवावी लागत नाहीत. आमच्या ओसरीवरून मातीचे डोंगर दिसतात, ते देवानं केलेले नाहीत, खदानीतून काढलेल्या मातीचे आहेत. त्यामुळं खदान म्हटलं की आम्हाला आठवतं ते डंपर, स्फोट झाल्यावर हलणारी भांडी आणि काळा पडलेला कापूस. त्यात मुलीनं शिकायचं ते काय, हा मावशींचा प्रश्न खोटा नव्हता. खरं सांगायचं तर आम्हालाही उत्तर येत नव्हतं. आमचं बी.ए. मराठी आणि राज्यशास्त्राचं. मग आम्ही मुलीलाच म्हटलं, सांग बाई, उभी राहून नको, बस आणि सांग.

तिनं जे सांगितलं आणि नंतर आम्ही विचारून, वाचून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

खाण खोदायची कशी हे शिकवणारं शिक्षण वेगळं. ते खाण अभियांत्रिकीचं. त्यासाठी धनबादला १९२६ पासून मोठी संस्था आहे, तिला आता आयआयटीचा दर्जा आहे. खनिज आणि ऊर्जा अर्थशास्त्र हे हिशेबाचं शिक्षण आहे. जमिनीखाली जे आहे ते काढावं की ठेवावं, काढलं तर किती वेगानं, विकून आलेल्या पैशातला वाटा कुणाकुणाला, वीज कितीला पडते, त्या दरात काय धरलंय आणि काय धरलेलंच नाही, आणि माल संपल्यावर त्या गावात उरतं काय. यात गणित लागतं, आकडेशास्त्र लागतं, थोडा कायदा लागतो.

तिनं पहिलं उदाहरण दिलं ते कापसाचं. दिवाळीला कापूस घरात येतो. भाव पडलेला असतो. विकायचा की थांबायचं? आपण काय बघतो? पुढं भाव किती वाढेल ते बघतो, आणि आज विकून सावकाराचं देणं फेडलं तर किती व्याज वाचेल तेही बघतो. भाव व्याजापेक्षा जास्त वाढणार असेल तर ठेवतो, नाहीतर विकतो. १९३१ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं हाच विचार खनिजाला लावला. जमिनीतला कोळसा, तेल, तांबं हा ठेवलेला माल आहे. आज काढून पैसा व्याजी लावायचा की माल जमिनीतच राहू द्यायचा, याचं त्यानं गणित मांडलं. हे शास्त्र शिकणाऱ्याला त्याचं नाव पहिल्या वर्षातच भेटतं.

यावर आमच्या एका वहिनी म्हणाल्या, "कापूस घरात ठेवला त वजन घटते, अंगाले खाज सुटते. कोळशाले काय होते?" मुलगी हसली. म्हणाली, जमिनीत आहे तोवर काही होत नाही वहिनी, उलट काढून ढीग मारून ठेवला तर आपोआप पेट घेतो. ते तर आम्ही पाहिलेलंच आहे. रात्री ढिगातून धूर निघताना दिसतो.

पण कापसात आणि कोळशात एक मोठा फरक आहे. कापूस पुढच्या वर्षी परत येतो. शेळी विकली नाही तर करडं देते, दूध देते. कोळसा एकदा काढला की तो खड्डा परत भरत नाही. म्हणजे कोळसा विकून आलेला पैसा ही आपली कमाई नव्हे, ते मुद्दल आहे. हे वाक्य तिनं बोललं आणि बैठकीत सगळ्यांनी एकमेकींकडं पाहिलं. कारण गटात आम्ही वर्षानुवर्षं हेच सांगत आलो, की मुद्दल खाऊ नका.

आणि त्या बैठकीत निम्म्या बाया अशा होत्या ज्यांच्या घरी जमिनीचे पैसे आले होते.

त्यावर जरा थांबून बोलू. आमच्या ताईंची चार एकर जमीन खदानीत गेली. कोळशाच्या जमिनीला दोन एकरामागं एक नोकरी असा नियम आहे. एक नोकरी मोठ्या मुलाला लागली, दुसरी दिराच्या मुलाला, कारण सातबारा सामाईक होता. मुलीचं नाव कुणी काढलंही नाही. तिचं वय तेव्हा तेरा. रोख मोबदला आला. त्यातून घर झालं, स्लॅबचं. दोन मोटारसायकली झाल्या. एका लग्नात बॅन्ड नागपूरहून आला. आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. जन्मात पहिल्यांदा लाखाचा आकडा पाहिलेल्या माणसानं काय करावं, हे सांगायला तेव्हा कुणीच आलं नाही, आम्हीही गेलो नाही. सहा वर्षांत हाती उरली ती तीन लाखांची एक ठेव. मुलीच्या लग्नासाठी म्हणून ताईंनी दडवून ठेवलेली.

मुलीनं आम्हाला नाउरू नावाच्या बेटाची गोष्ट सांगितली. प्रशांत महासागरात एवढंसं बेट आहे, एकवीस चौरस किलोमीटर, आपल्या दोन-तीन गावांच्या शिवाराएवढं. तिथं जमिनीत खताला लागणारं फॉस्फेट होतं. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, फॉस्फेट विकून लोक एवढे श्रीमंत झाले की जगात त्यांचं नाव निघायचं. पुढच्या दिवसांसाठी म्हणून त्यांनी निधीही काढला होता. पण तो नको तिथं घातला. परदेशात इमारती घेतल्या, विमान कंपनी काढली, लंडनच्या एका संगीत नाटकात पैसा ओतला, ते नाटक पडलं. फॉस्फेट संपलं, निधीही संपला, आणि बेटाचा मधला सगळा भाग खणून ओसाड झालेला. मावशी म्हणाल्या, "आमच्या गावचेच दिसतात ते."

दुसरीकडं नॉर्वे. तिथं १९६९ मध्ये समुद्राखाली तेलाचा मोठा साठा सापडला. त्यांनी १९९० मध्ये कायदा केला आणि १९९६ पासून तेलाचा पैसा एका निधीत टाकायला सुरुवात केली. सरकारनं दरवर्षी त्या निधीतून साधारण तीन टक्क्यांच्या आसपासच उचलायचं, म्हणजे निधी जेवढं कमावतो तेवढंच, असा दंडक त्यांनी स्वतःला घालून घेतला. मुद्दल तसंच. लोक दोन्हीकडं सारखेच असतात हो, हुशार इथले आणि वेडे तिथले असं काही नसतं. नॉर्वेत तेल निघायच्या आधीच शिकलेली माणसं, कायदा पाळणारं सरकार आणि चालणारी पंचायत होती, हा फरक मोठा. हे आमचं मत.

आणि आपल्या शेजारी गोव्यात बघा. लोखंडाच्या खाणींच्या खटल्यात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की खनिज विकून येणाऱ्या रकमेतला दहावा हिस्सा कायमच्या निधीत ठेवा, पुढच्या पिढ्यांसाठी. न्यायाधीशांपुढं हा विचार कुणीतरी मांडला, त्याची आकडेवारी केली, म्हणून तो निकालात आला. असं मांडणारी माणसं या शिक्षणातून तयार होतात.

आता आपल्या जिल्ह्याचं. खनिज काढणारा सरकारला रॉयल्टी देतो, सरकारी मराठीत तिला स्वामित्वधन म्हणतात. आपल्याकडं कोळशावर ती किमतीच्या १४ टक्के आहे. २०१५ मध्ये खाणींचा कायदा बदलला आणि प्रत्येक खाणीच्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान काढायचं ठरलं. खाणवाल्यानं रॉयल्टीच्या वर आणखी पैसे या प्रतिष्ठानात भरायचे. जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के, २०१५ नंतर लिलावात गेलेल्यांना १० टक्के. उदाहरणापुरता कोळशाचा भाव हजार रुपये टन धरा. रॉयल्टी १४० रुपये. त्याचे तीस टक्के म्हणजे ४२ रुपये, टनामागं. एका डंपरमध्ये किती टन जातात आणि दिवसाला किती डंपर जातात, ते तुम्ही ओसरीवर बसून मोजू शकता.

हे ४२ रुपये कशासाठी? खाणीनं बाधित झालेल्या लोकांसाठी. पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण रोखणं, महिला आणि बालकांचं कल्याण, कौशल्य शिक्षण, या कामांना आधी. सुरुवातीच्या नियमातच लिहिलं होतं की किमान ६० टक्के पैसा या कामांवर. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजना हे तिचं नाव. आमच्या बैठकीत बावीस जणी होत्या. किती जणींनी हे नाव ऐकलं होतं? दोघींनी. त्यातली एक सरपंच होऊन गेलेली.

मुलीला या विषयाचं वेड लागलं तेही एका बैठकीतच. दोन वर्षांपूर्वी खदान वाढवण्यासाठी जनसुनावणी झाली. २००६ च्या नियमानुसार अशा मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. तो जाड गठ्ठा ग्रामपंचायतीत पडला होता. कुणी उघडला नाही. मराठीत असून उघडला नाही, कारण ती मराठी आपली नव्हती. ही पोरगी दोन दिवस तिथं बसली, वहीत उतरवून घेतलं. सुनावणीच्या दिवशी मांडवात उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, तक्त्यात लिहिलंय की खाणीतलं पाणी उपसल्यावर आसपासच्या विहिरींची पातळी खाली जाईल. मग आमच्या बायकांनी पाणी कुठून आणायचं, आणि त्या हेलपाट्यांचा खर्च तुमच्या कोणत्या रकान्यात आहे?"

साहेबांनी नोंद घेतो म्हटलं. नोंद घेतली की नाही, आम्हाला काही कळलं नाही. पण तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. विहीर आटल्यावर आमची बाई दीड किलोमीटरवरून पाणी आणते. कापसावर काळी भुकटी बसली म्हणून व्यापारी क्विंटलमागं भाव पाडतो. पोराला खोकला झाला की मजुरीचा दिवस बुडतो. हे सगळं त्या कोळशापायी गेलेलं आहे, पण कोळशाच्या किमतीत नाही आणि विजेच्या बिलातही नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. बाह्य म्हणजे बाहेरचा. बाहेरचा कुणासाठी, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

विजेचंही थोडं सांगू, कारण ते आपल्या घरातलं आहे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज करायला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला नऊ युनिट, म्हणजे सहा किलोच्या घरात कोळसा. नऊ वॉटचा एलईडी तेवढाच वेळ लावला तर एक किलोच्या आत. हे ऐकून बाया खूश झाल्या, चला कोळसा वाचला. तेव्हा मुलीनं आणखी एक नाव काढलं. स्टॅन्ली जेव्हन्स. १८६५ मध्ये त्यानं इंग्लंडच्या कोळशावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की वाफेचं इंजिन सुधारलं, कमी कोळशात जास्त काम व्हायला लागलं, आणि म्हणूनच देशात कोळसा जास्त जळायला लागला. स्वस्त झालं की वापर वाढतो. आम्हाला हे काही केल्या पटेना. मग मावशीच म्हणाल्या, "मोट होती तवा विहिरीले पाणी राहे. मोटार आली, बटन दाबलं का पाणी, त विहीर तळाले गेली. तसंच ना वं?" तसंच, मावशी. इंग्लंडच्या पंडिताचं जे पुस्तक झालं, ते मावशींनी एका वाक्यात सांगितलं.

बरं, हे शिकायचं कुठं? तुमच्या मुली विचारतील म्हणून सांगून ठेवतो. अगदी याच नावाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, खनिज आणि ऊर्जा अर्थशास्त्र, अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात गोल्डन नावाच्या गावी आहे. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्स, १८७४ ची संस्था. सोन्याच्या खाणींच्या काळात वसलेलं गाव. तिथं एम.एस. आणि पीएच.डी. दोन्ही होते. आपल्या देशात दिल्लीचं टेरी स्कूल ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज, चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, डेहराडूनचं पेट्रोलियम आणि ऊर्जा विद्यापीठ, अशा ठिकाणी ऊर्जा, पर्यावरण किंवा संसाधनांच्या अर्थशास्त्राचं शिक्षण मिळतं. पुण्याची १९३० ची गोखले संस्था अर्थशास्त्र शिकवते, तिथून पाया पक्का करून पुढं जाता येतं. प्रवेश परीक्षा प्रत्येकाची वेगळी, दरवर्षी बदलते, संस्थेच्या माहितीपत्रकावरच विश्वास ठेवा, एजंटवर नको.

पण खरी अडचण संस्था शोधण्याची नसते, गणिताची असते. आपल्या मुली दहावीनंतर गणित सोडतात. का सोडतात? कारण गणिताचं कॉलेज लांब, बी.ए.चं जवळ. मग अर्थशास्त्रात बी.ए. झाल्यावर कळतं की पुढच्या वर्गात सगळं गणितच आहे. आमच्या या मुलीचं जमलं कारण तिनं रोज दोन तास एसटीत काढून बी.एस्सी. केली. अकरावीच्या मुली ऐकत असतील तर एवढं लक्षात ठेवा.

आता पैशाचं. दोन वर्षांची फी, राहणं, जेवण मिळून साडेसहा लाखांचा आकडा झाला. ताई बँकेत गेल्या. बँकेत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, सातबारा आहे का? सातबारा खदानीत गेला, साहेब. मग तारण काय? ताई परत आल्या आणि म्हणाल्या, ठेव मोडते. घरात भांडण झालं. भाऊ म्हणाला, लग्नाचे पैसे आहेत. आत्या म्हणाली, एवढी शिकली तर नवरा कुठून आणता. वडील काही बोलले नाहीत, ते हल्ली बोलतच नाहीत.

इथं आम्ही जरा हात घातला. शैक्षणिक कर्जाच्या नियमात साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही, त्याला सरकारची पतहमी आहे. चार लाखांपर्यंत पदरचे पैसेही भरावे लागत नाहीत. आम्ही नियमाचा कागद छापून घेतला आणि पाच जणी बँकेत गेलो. भांडायला नाही, नुसतं बसायला. साहेबांनी चष्मा लावून वाचलं, वरच्या कार्यालयाला फोन केला, आणि विद्यालक्ष्मीच्या संकेतस्थळावर अर्ज भरा म्हणाले. मंजुरी यायला पाच आठवडे लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी नावाची नवीन योजनाही आली आहे. त्यात घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजाची सवलत मिळते. पण ती ठरावीक संस्थांनाच लागू आहे, आपली संस्था यादीत आहे का ते आधी बघा. परदेशी जायचं असेल तर अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. भूमिहीन शेतमजूर हा शब्द पुष्कळ जणींना माहीतच नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. राज्य सरकारचीही परदेश शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणच्या कार्यालयात विचारा.

पण मंजुरी पाच आठवड्यांनी, आणि चाळीस हजार बारा दिवसांत. आमच्या गटात एका बाईला जास्तीत जास्त वीस हजार कर्ज मिळतं. काही जणी म्हणाल्या, उरलेले वीस दुसरीच्या नावावर काढून द्या. ते आम्ही कधीच चालू देत नाही, गट तिथूनच फुटतात. तेव्हा चर्चा झाली. आणि चांगली झाली.

एक जण म्हणाली, मुलगी शिकली आणि परत आलीच नाही तर? दुसरी म्हणाली, नोकरी लागेल याची खात्री काय? त्यावर मुलीनं खात्री दिली नाही, ते आम्हाला आवडलं. एवढं सांगितलं की विजेचे दर ठरवणाऱ्या आयोगापुढं, वीज कंपन्यांत, सौर प्रकल्पात, बँकांत, संशोधन संस्थांत असं काम असतं. आणि देशानं २०७० पर्यंत कार्बनचं उत्सर्जन नक्त शून्यावर आणायचं जाहीर केलंय. म्हणजे कधीतरी या खदानी बंद होतील. खाण चालू असतानाच ती नीट बंद करण्यासाठीचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते पुरतील का, कशावर खर्च होतील, खदान गेल्यावर चहाच्या टपरीपासून डंपरच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचं काय, हे काम पुढची तीस-चाळीस वर्षं पुरणारं आहे. आम्ही मध्येच म्हटलं, आता २०१९ पासून बायांना जमिनीखालच्या खाणीतही तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाला दिवसा जाता येतं, आधी कायद्यानं मनाई होती. तेव्हा मावशी, उतरली तरी बिघडत नाही.

मग तिसरीनं खरा प्रश्न विचारला. "शिकून कंपनीतच लागली, आणि उद्या टेबलाच्या पलीकडं आमच्यापुढंच बसली तर?"

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "होऊ शकते काकू. पगार त तिथंच जास्त आहे. पण मी बसली त तुमच्या विहिरीचा रकाना कागदात राहील, एवढं सांगतो."

हे उत्तर पुरेसं आहे का, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

शेवटी ठराव लिहिला. उच्च शिक्षणासाठी गटाची कर्जमर्यादा चाळीस हजार, व्याज शेकडा एक रुपया, बँकेचं कर्ज सुरू झाल्यावर दहा हप्त्यांत परतफेड, दोन जामीन. लग्नाची ठेव मोडायची नाही, ती आईच्या नावावर तशीच राहील. पहिली जामिनाची सही कुणी केली? त्याच मावशींनी. अंगठा नाही, सही. गटात आल्यावर शिकलेल्या. आम्ही कशी काय तयार झाली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "आमच्या घरी नऊ लाख आले होते. हिशेब शिकलेलं कोणी असतं घरात, त एक तरी लाख राहिलं असतं."

मुलगी जुलैच्या शेवटी नागपूरहून गाडीत बसली. बॅगेत तांदळाचे पापड, लोणचं आणि जनसुनावणीच्या वेळची ती वही. जाण्याआधी आमच्याकडं एक काम सोपवून गेली. म्हणाली, ताई, तिथं अभ्यासाला आकडे लागतील आणि आपल्या गावचे आकडे कुणाकडंच नाहीत. तुम्ही दर मंगळवारी विहिरीला दोर किती हात लागला, पाण्याला किती खेपा झाल्या, आणि कापूस विकताना काळा म्हणून किती भाव कापला, एवढं वहीत लिहून ठेवा. तारीख टाकायला विसरू नका.

वही केली आहे. रोजमेळाच्या शेजारी ठेवतो. एकीकडं पाळी देऊन लिहितो, कधी चुकतं, एक मंगळवार पोळ्यामुळं राहिला. ज्या गावांत खदान जवळ आहे त्या गटांनी अशी वही सुरू केली तर आम्हाला कळवा, रकाने कसे आखायचे ते आम्ही दाखवू. आमच्या वहीतली पहिली ओळ अशी आहे: मंगळवार, मारुतीच्या देवळाजवळची विहीर, दोर सव्वीस हात, खेपा चार.